हनुवटी, खड्ड्यासकट

टचिंगमास्तरांचं लग्न एका तक्रारीतून जमलं. हे मला त्यांच्या सासूबाईंनी स्वतः सांगितलं. त्या सांगत होत्या तेव्हा मास्तर समोरच बसून पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी मान वर केली नाही, म्हणजे खरंच असणार.

मास्तर तेव्हा बाजाररस्त्यावरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करायचे. पडदा, खुर्ची आणि झगझगीत दिवे असलेल्या दर्शनी भागात नाही, तर मागे डार्करूमला लागून एक बोळासारखी खोली होती, तिथे. समोर तिरकी दुधी काच, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, एका डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर उजळ ठिपका होऊन दिसतो. तो पेन्सिलीने बारीक बारीक भरला की छापलेल्या फोटोतून डाग जातो. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं मास्तरांच्या पेन्सिलीखाली विरून जायचं. लग्नाला उभी राहिलेली मुलं आणि निवडणुकीला उभे राहिलेले पुढारी त्यांच्याकडे सारख्याच आशेने यायचे.

एकदा एका मायलेकींचा फोटो कामाला आला. आईच्या हनुवटीवर डाव्या बाजूला चांगला बोटभर खड्डा होता. मास्तरांनी तो इतका सफाईने बुजवला की स्टुडिओच्या मालकाने फोटो हातात घेऊन मान डोलावली. फोटो गिऱ्हाइकाकडे गेला आणि लगोलग गिऱ्हाईक काउंटरवर हजर झालं. या बाई पिठाची गिरणी चालवायच्या. आयुष्यभर यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून बोललेल्या. त्यांचं कुजबुजणंसुद्धा समोरच्या फुटपाथवर ऐकू जायचं.

"हे हनुवटीचं काम कोणी केलं?"

मालकाने कौतुकाने मास्तरांना मागून बोलावलं. मास्तर हात पुसत, शाबासकी घ्यायला बाहेर आले.

"माझी हनुवटी परत द्या," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, लोक मुद्दाम यासाठी आमच्याकडे येतात," मालक म्हणाले.

"लोकांचं लोकांपाशी. हा फोटो माझा आहे का माझ्या थोरल्या बहिणीचा?"

बाईंच्या मागे त्यांची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती. मास्तरांनी नंतर टर्पेंटाइनचा बोळा फिरवून निगेटिव्ह पुसली, नवा फोटो छापला आणि स्वतः घरी नेऊन दिला. दार मुलीने उघडलं. पुढच्या वेळी मास्तर गेले तेव्हा हातात फोटो नव्हता, पण दार तिनेच उघडलं.

लग्न झालं. सासू-जावयाचं नातं मात्र त्या काउंटरवरच उभं राहिलं. "जावईबापू" हा शब्द त्या अशा काही सुरात उच्चारायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढचं वाक्य 'परत द्या' असंच असणार.

वर्षं गेली. निगेटिव्ह गेल्या, कॉम्प्युटर आले. मास्तर तेही शिकले. मग असे फोन आले की चेहरा समोर धरला की सुरकुत्या आपोआप पुसल्या जातात. ज्या कामापायी मास्तरांनी डोळे झिजवले ते काम आता प्रत्येकाच्या खिशातलं यंत्र न सांगता करायला लागलं. मालकाच्या मुलाने त्यांना हार-नारळ न देता, पण खरोखर डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला, आणि मास्तर घरी बसले.

घरी दिवसभर दोघंच. बायको एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. सासूबाई गुडघे गेल्यावर गिरणी विकून लेकीकडे राहायला आल्या होत्या. घरात सासू, जावई आणि टीव्ही. तिघांत टीव्हीच काय तो नीट बोलायचा. मास्तर वर्तमानपत्र उघडून पुढाऱ्यांच्या फोटोतल्या सुरकुत्या पेन्सिलीने भरत बसायचे. बायकोने ते पाहिलं.

"अहो, तुमचा हात शिवशिवतोय," ती म्हणाली. "वाचनालयाच्या वर संध्याकाळी वर्ग चालतो. समोर माणूस बसवून चेहरा काढायला शिकवतात. जाऊन या."

"आता या वयात शिकायचं काय? आयुष्यभर चेहऱ्यांवर पेन्सिलच फिरवली."

"मग तर पहिले याल," बायको म्हणाली. तिला नवरा बरोबर कळत होता.

असे मास्तर आमच्या वर्गात आले. मी आधीपासून तिथे होतो आणि आधीपासूनच वाईट काढत होतो. लांबट दिवाणखान्यासारखी खोली, एका बाजूला उंच खिडक्या, मध्ये लाकडी चौथऱ्यावर एक खुर्ची आणि भोवती आम्ही दहा-बारा जण आपापले चित्राचे फळे लावून. शिकवणाऱ्या बाई कला महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या. बारीक, ताठ, केस कापलेले. हातात कायम एक दोरा आणि त्याच्या टोकाला बांधलेला लोखंडी नट. गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो दोरा त्या खुर्चीतल्या माणसासमोर धरायच्या आणि विचारायच्या, "डोळ्याच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली काय येतंय? नाकपुडी? मग तुमच्या कागदावर तिथे गाल कसा आला?"

पहिल्या दिवशी खुर्चीवर एक निवृत्त ट्रकड्रायव्हर बसले होते. उन्हाने रापलेला, राकट चेहरा, एका भुवईचे केस उडालेले. मास्तरांनी खिशातून आपली सुईटोकाची पेन्सिल काढली आणि अशी काही नजाकतीने चालवली की आम्ही आपापली कामं टाकून त्यांच्यामागे जमलो. केसन् केस वेगळा, ओठांवर चकाकी, गाल लोण्यासारखे. मला स्वतःच्या कागदाची लाज वाटली. बाई आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे कोण?"

मास्तरांना प्रश्न कळला नाही. तेवढ्यात ड्रायव्हर स्वतः चौथऱ्यावरून उतरून आले, चित्रात वाकून पाहिलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असाच दिसायचा. पण तो कधी उन्हात गेला नाही."

आम्ही हसलो. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

बाईंनी त्यांची ती पेन्सिल काढून घेतली. तिच्या जागी सुताराची वाटावी अशी जाड, मऊ शिशाची पेन्सिल दिली. खोडरबरही घेतलं. "तुम्ही समोरच्या माणसाकडे फार थोडं बघता," त्या म्हणाल्या. "डोळा म्हणजे असा, ओठ म्हणजे असे, हे तुम्हाला पाठ आहे. पाठ केलेलं काढू नका. काही दिवस डोळे नाहीत, ओठ नाहीत. आधी डोकं किती उंच, किती रुंद, कुठे कललंय, एवढंच. हात लांब करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठ्याने मोजा."

मास्तर मोजायला लागले. मोजल्यावर आम्हा सगळ्यांना जो धक्का बसतो तो त्यांनाही बसला: डोळे डोक्याच्या वरच्या भागात नसतात, मधोमध असतात. "म्हणजे एवढी वर्षं मी लोकांना कपाळच दिलं नाही," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही नाही, तुम्ही फक्त पुसलंत. कपाळ न देणारे आम्ही."

वर्ग आठवड्यातून दोनदाच. सराव हवा तर समोर जिवंत माणूस हवा. बायको बसायला तयार झाली, पण दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून आलेली ती. खुर्चीत बसली की पाच मिनिटांत मान छातीवर. आरशात बघून स्वतःला काढायचं तर मास्तरांना स्वतःवरच दया यायची आणि हात आपोआप गुळगुळीत व्हायचा. उरलं कोण?

"आई, थोडा वेळ बसाल का?"

"मी बसलेलीच आहे. गुडघे गेल्यापासून दुसरं काय करते?"

"तसं नाही. माझ्यासमोर. न हलता."

"न बोलता?"

"बोललं की तोंड हलतं."

"मग भिंतीला बसवा," सासूबाई म्हणाल्या. "ती कधीपासून रिकामीच आहे."

शेवटी लेकीने तडजोड घडवली. मास्तर डोळे, नाक, कान काढत असतील तोवर बोलायला परवानगी. तोंड काढायला घेतलं की गप्प. त्यामुळे झालं असं की तोंडाची घाई दोघांनाही नव्हती. एकाला भीती, दुसरीला गप्पा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारी एकाच बाजूने संथ उजेड यायचा. तिथे खुर्ची मांडली. रोज तीच जागा मिळावी म्हणून मास्तरांनी खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या. सासूबाईंनी नजर कुठे ठेवायची, तर कॅलेंडरच्या खिळ्यावर. पहिल्या दिवशी त्या खिळ्याकडे अशा बघत बसल्या, जणू तो आता पळून जाणार आहे.

पहिलं चित्र त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "ही कोण बया?"

दुसऱ्याच्या वेळी म्हणाल्या, "ही आमच्या मावशीसारखी दिसते. मावशी मला कधी आवडली नाही."

तिसरं बराच वेळ पाहून त्यांनी काळजीने विचारलं, "ही जिवंत आहे ना?"

संध्याकाळी बायको आली की चित्र तिच्यापुढे जायचं. ती पिशवी खाली न ठेवताच सांगायची, "अहो, माप बरोबर आलंय. पण यातली आई कोणालाही वाट देईल. आपली देत नाही."

एवढी मेहनत करूनही चेहरा येईना, तेव्हा मास्तर खचले. एका वर्गाला आले ते फळा न लावता बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, माझा हातच खोटा आहे," ते म्हणाले. "खरी रेघ मारायला गेलो की तो आपसूक ती मऊ करतो. आयुष्यभराची सवय आहे. आता मोडणार नाही."

बाईंनी धीर वगैरे दिला नाही. "तुम्ही काय काम करायचात ते मला एकदा दाखवा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वेळी मास्तर एक जुनी निगेटिव्ह घेऊन आले. बाईंनी ती खिडकीच्या काचेवर धरली. आम्हालाही बोलावलं. काळे दात, पांढरे केस, भुतासारखा चेहरा. मला तर तो पुरुष आहे की बाई हेही कळेना.

"हे तुम्हाला वाचता येतं?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय," मास्तर म्हणाले. "उजेड डावीकडून आहे. ही नाकाची सावली. गालाचं हाड वर आहे, म्हणून इथे एकदम बदल झालाय. बाई आहे, चाळिशीची. डोळ्याखाली सूज. आदल्या रात्री झोप झालेली नाही."

बाईंनी निगेटिव्ह त्यांच्या हातात परत दिली.

"म्हणजे सावल्या तुम्हाला वाचता येतात. त्याही उलट्या. मग सुलट्या वाचायला काय धाड भरलीय? तुमचा हात खोटा नाही. तुम्ही माणसाकडे बघताना नाक, डोळे, ओठ बघता. हे बघताना तुम्ही उजेड आणि अंधार बघत होता. डोळे बारीक करा आणि समोरच्या जिवंत माणसाकडे असंच बघा. नावं विसरा."

मास्तर जागेवर जाऊन बसले. डोळे बारीक केले. त्या दिवशी चौथऱ्यावर वाचनालयातल्या एक बाई होत्या. मास्तरांनी त्यांचा एकही अवयव काढला नाही. कपाळाच्या एका कडेपासून गळ्यापर्यंत उतरणारा अंधाराचा एक तुकडा फक्त भरला, जाड शिशाने, एका दमात. मी शेजारून पाहत होतो. त्या अंधारातून एक गाल पुढे आला. मास्तरांनी हात मागे घेतला आणि स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिले.

घरी त्यांनी सासूबाईंना पुन्हा बसवलं. या खेपेला चित्र वेगळंच उठायला लागलं. डोक्याचा घाट आला, पापणीचं ओझं आलं, गिरणीतल्या बाईचा तो मोठा, जाड पाळीचा कान आला. सासूबाई खिळ्याकडे बघत, गिरणीत धान्यात खडे घालून आणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला कसा धडा शिकवला ते सांगत होत्या. मास्तर गालावरून खाली जबड्यापाशी आले, हनुवटीपाशी आले, आणि त्यांची पेन्सिल त्या खड्ड्याला वळसा घालून अलगद पुढे गेली.

सासूबाईंची गोष्ट मध्येच थांबली. त्यांनी कागद पाहिलाच नव्हता, फक्त हाताची चाल पाहिली होती.

"पुन्हा?" त्या म्हणाल्या.

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. खरंच होतं. हनुवटी गोल, नितळ, मालक मान डोलावेल अशी.

"मुद्दाम नाही केलं, आई."

"तेच तर. मुद्दाम केलं असतं तर भांडले असते." त्यांचा आवाज खाली आला, म्हणजे शेजारी ऐकू जाणार नाही इतका. "हा कसा पडला ठाऊक आहे का तुम्हाला?"

मास्तरांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून त्यांनी विचारलंच नव्हतं. विचारणं वाईट दिसेल असं वाटायचं.

"नवरा गेला तेव्हा ही लहान होती. गिरणी विका, हे बाईमाणसाचं काम नाही, असं सगळे म्हणत होते. मी विकली नाही. एक दिवस चालत्या यंत्राचा पट्टा तुटला आणि त्याचा लोखंडी सांधा इथे येऊन बसला. समोर रांग होती, डबे घेऊन माणसं उभी. त्यातच ते सांगणारेही होते. एक म्हणाला, बघा, मी म्हणत नव्हतो? मी फडकं बांधलं. पट्टा जोडला, चढवला. त्याच्यासकट सगळ्यांचं दळून दिलं आणि मग दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाला, टाके घालायची वेळ गेली, खड्डा राहणार. म्हटलं राहू दे. दळण वेळेवर गेलंय. त्या दिवसानंतर कोणी मला गिरणी विका म्हणालं नाही."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"इकडे या," सासूबाई म्हणाल्या. मास्तर उठून जवळ गेले. त्यांनी जावयाचं बोट धरलं आणि आपल्या हनुवटीवर ठेवलं. "नीट बघा. हात लावून बघा. मोडत नाही मी."

खड्ड्याची वरची कड धारदार होती, खालची उतरती. तळाशी कातडी पातळ आणि गुळगुळीत. मास्तरांनी ते बोटाने ओळखलं आणि मग डोळे बारीक करून पाहिलं, तेव्हा बोटाला लागलं तेच उजेडातही दिसायला लागलं: वरच्या कडेखाली गडद सावली, तळाशी उजेडाचा एवढासा ठिपका. त्यांनी नवा कोरा कागद घेतला. त्या दुपारी त्यांनी फक्त हनुवटी काढली. ओठांच्या खालून सुरू करून गळ्यापाशी संपवली. सासूबाई तोंडाचं काम नसतानाही गप्प बसल्या होत्या.

कागद हातात आल्यावर त्यांनी तो खिडकीपाशी नेला. आपल्या हनुवटीवरून हात फिरवला, मग कागदावरून.

"हनुवटी माझी आहे," त्या म्हणाल्या. "आता वरचं आणा."

वरचं हळूहळू आलं. मास्तर आता घाई करत नव्हते. कधी आठवडाभर फक्त डोळ्याची खोबण, कधी नाकाची एकच बाजू. सासूबाई परीक्षक म्हणून कडक होत्या, पण आता न्याय करायच्या. "कान माझा. डोळा अर्धा माझा." "कपाळ माझं आहे, पण आठ्या कमी पडल्यात. या घरात राहून एवढ्याच?" मास्तर आठ्या वाढवायचे. चित्र चुकतंय कुठे हे सापडेना की ते आरशासमोर धरायचे. आरशात कललेलं नाक लगेच दिसायचं. बायको घरी आली की आता पिशवी खाली ठेवून, खुर्ची ओढून बघत बसायची. मायलेकी आणि जावई, तिघं एका कागदावरून भांडत जेवायला बसायची. टीव्ही बऱ्याचदा लावायचाच राहून जायचा.

वर्ष संपताना आमच्या वर्गाची एक जाहीर बैठक असते. एक माणूस चौथऱ्यावर बसतो, आम्ही सगळे त्याला काढतो आणि लोक मागे उभे राहून पाहतात. वाचनालयातले वाचक येतात, घरचे येतात, गारवा मिळतो म्हणून रस्त्यावरचेही येतात. बाईंनी विचारलं, या वेळी कोणाला बसवायचं? मास्तर म्हणाले, "माझ्या सासूबाई बसतील." बाई म्हणाल्या, "बसतील?" मास्तर म्हणाले, "नाही म्हटलं तरी बसतील."

सासूबाई, म्हणजे आम्हा वर्गाच्या आजी, आल्या. लेकीचा हात धरून, एकेक पायरी चढत, पायऱ्या बांधणाऱ्याचा उद्धार करत. चौथऱ्यावर बसल्या, भोवती पाहिलं आणि पहिल्याच वाक्यात सगळ्या खोलीला गप्प केलं. "उभे आहात ते नीट उभे राहा. खिडकी अडवू नका. माझ्या जावयाला उजेड लागतो."

मी माझ्या फळ्यामागून मास्तरांना बघत होतो. त्यांनी आधी काहीच काढलं नाही. नुसतं बघितलं. मागे एक गृहस्थ खिडकीशी येऊन कुजबुजले, "यांना सुचत नाहीये वाटतं." मग मास्तरांनी डोक्याच्या वरची आणि हनुवटीच्या खालची अशा दोन खुणा केल्या, आणि हात चालायला लागला. हात लांब करून मोजत होते, मागे सरत होते, पुढे येत होते. मऊ, जाड शिशाने अंधाराचे तुकडे बसवत गेले. आजींची मान एकदा ढळली तर मास्तर काही बोलले नाहीत, फक्त वाट पाहिली. आजींनी आपण होऊन मान परत जागेवर आणली. तेव्हा मला कळलं, या दोघांनी किती दुपारी अशा काढल्या असतील.

वेळ संपली. आजी खाली उतरल्या आणि प्रत्येकाच्या फळ्यासमोर जायला लागल्या. माझ्यापाशी थांबल्या. "बटाटा चांगला जमलाय," म्हणाल्या. "डोळे नसते काढलेस तरी चाललं असतं." शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "मला एवढी गोड केलीस? देव तुझं भलं करो, पण ही मी नाही." लोक हसत होते, मागेमागे येत होते.

मास्तरांच्या फळ्यापाशी त्या आल्या आणि हसणं थांबलं.

कागदावर आजी होत्या. एका बाजूने उजेड, दुसरी बाजू जवळजवळ काळोखात, आणि त्या काळोखातूनही तो डोळा बघत होता. थकलेल्या, जड पापणीखालून, कोणाचंही काही देणं न लागणाऱ्या माणसासारखा. जबडा घट्ट. हनुवटी पुढे, खड्ड्यासकट. ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी होतं, आता बोलणारच आहेत असं. मास्तरांनी तोंड काढलं होतं, आणि तेही बोलत असल्यासारखं.

आजींनी जवळ जाऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "रागावलेली दिसते."

"होता तुम्ही," मास्तर म्हणाले. "ते गृहस्थ खिडकीशी आले तेव्हा."

"हो, आले होते." त्यांनी मान हलवली. मग लेकीकडे वळून, त्या खोलीला पुरून उरेल अशा आवाजात म्हणाल्या, "ही मी आहे गं."

लेकीने डोळ्यांना पदर लावला. एक-दोन टाळ्या वाजल्या आणि मग सगळ्याच वाजल्या. मीही पेन्सिल खाली टाकून वाजवत होतो. मास्तर अवघडून उभे होते. दोन्ही हात शिशाने काळे झालेले, कुठे ठेवावेत कळेना.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण लोक पांगत असताना बाई मास्तरांच्या फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दोरा हातात होता, पण त्यांनी तो वर धरला नाही. काही मोजलं नाही. चित्राकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि चौथऱ्यावर चढल्या.

हे आम्ही कोणी आधी पाहिलं नव्हतं. बाई कधी कोणासमोर बसायच्या नाहीत. जुने विद्यार्थी सांगायचे की महाविद्यालयातही कितीदा विचारलं, तर "शिकवणारा माणूस उभा असतो" म्हणून टाळायच्या. आता त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उजेड अजून आहे. कागद लावा."

"बाई, मी?"

"दुसरं कोण आहे तुमच्यामागे?"

मास्तरांच्या मागे मी होतो, पण मी बाजूला झालो.

पायऱ्यांपर्यंत गेलेले लोक परत आले. आजी सर्वांत पुढे, बसायला खुर्ची मागून घेतलेली. या वेळी मास्तर थांबले नाहीत. बाईंचा चेहरा चष्म्याशिवाय आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. नाकावर दोन खोल खुणा, डोळे अचानक लहान आणि एकटे. मास्तरांनी त्या खुणा घेतल्या. कापलेल्या केसांखालची ताठ मान घेतली, आणि त्या ताठ मानेत खांद्यापाशी जो थोडासा थकवा होता, आयुष्यभर उभं राहिल्याचा, तोही घेतला. खोलीत फक्त शिशाचा खरखराट ऐकू येत होता. आजीसुद्धा बोलत नव्हत्या.

उजेड पिवळा पडायला लागला तेव्हा मास्तरांनी पेन्सिल ठेवली. बाई उतरल्या, चष्मा चढवला आणि समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता दोरा निघणार.

"डावा कान किंचित वर गेलाय," त्या म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाले. "मला दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय, म्हणून मी आता सांगणार नाही. यापुढे कधीच." त्यांनी फळ्याचे चिमटे सोडवले आणि कागद काढून घेतला. "हा मी नेते. विचारत नाहीये. आणि पुढच्या आठवड्यापासून नवी मंडळी येतील. पहिला तास तुम्ही घ्यायचा."

मास्तर काही बोलायच्या आत आजींनी परस्पर उत्तर दिलं. "घेतील. मी पण येईन बसायला. त्यांना फार ओरडायची सवय नाही, ते मी करेन."

खाली आलो तेव्हा दिवे लागत होते. आजींना चालवेना म्हणून टॅक्सी थांबवली. मास्तर आणि लेक मागे बसले, आखडलेला पाय लांब ठेवता यावा म्हणून आजी पुढे. दार लावताना त्यांनी ड्रायव्हरला जो हुकूम सोडला, तो पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसांनीही थांबून ऐकला.

"सावकाश चालव बाबा. मागे चित्रकार बसलेत."